पंचवीस फुटांत रुसायचं कुठे?

मावशी, मी अमेरिकेत सिएटलजवळ रेडमंडला राहते, वय ४९. मुलगा कॉलेजला गेला आणि घर रिकामं झालं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने मला न विचारता पंचवीस फुटी आरव्ही, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली आणि आम्ही चार दिवस लेव्हनवर्थ या जर्मन धाटणीच्या डोंगरातल्या गावी गेलो. मला हवं होतं डोंगर दिसणाऱ्या बाल्कनीचं हॉटेल. कॅम्पग्राउंडवर अंधारात गाडी मागे घेताना मी टॉर्च दाखवत होते, तर मागची शिडी झाडाला घासली. शेजारच्यांसमोर हा ओरडला, "एवढंही जमत नाही का?" मग "गाडीत किचन आहे ना" म्हणत तिन्ही वेळा मीच रांधलं. एकदा हीटर चालू असताना इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह लावला तर वीजच गेली, त्यावरूनही बोलणी खाल्ली. टाक्या वगैरे त्याने केल्या. मला गाव फार आवडलं, तो "सिनेमाचा सेट" म्हणून चेष्टा करत राहिला. शेवटच्या रात्री मी पांघरुणात फोन घेऊन सिएटलची ट्रेन शोधली. गेले नाही. आता त्याला जुनी आरव्ही विकत घ्यायची आहे. सरळ नाही म्हणू?

– एक वाचक, रेडमंड

अगं, म्हण की नाही. पण कशाला नाही म्हणते आहेस ते आधी बघ. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात मला आरव्हीची तक्रार फारशी सापडलीच नाही. सहलीला एक माणूस गेला होता आणि दुसरं त्याच्या दिमतीला, ही तक्रार आहे. तीन बेडरूमच्या घरात हे पंचवीस वर्षं खपून गेलं. तिथे वरच्या खोलीत जाऊन दार लावता येतं. आरव्हीत रुसायचं म्हटलं तरी त्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो.

आधी विजेचं सांगते, कारण त्यात दोष कुणाचाच नाही. कॅम्पग्राउंडवर साधारण ३० अँपिअरची जोडणी मिळते, व्होल्टेज १२०. म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॉट. हीटर १,५०० खातो, इंडक्शन जवळपास १,८००. वर मायक्रोवेव्ह आला की ब्रेकर पडणारच. तो पडतो म्हणून गाडी पेटत नाही. हे गाडी ताब्यात घेताना दोघांनी मिळून समजून घ्यायचं होतं. तुझ्या हातून पोळी करपली असावी अशा सुरात त्याने बोलायचं काही कारण नव्हतं.

पण पोळ्या केल्यासच का, हे मला तुलाही विचारायचं आहे. फ्रंट स्ट्रीटवर दोन पावलांवर मोहरीची चटणी लावलेला गरम प्रेट्झेल मिळत असताना, तू चार चाकांवर कणीक मळत बसलीस! त्याने "किचन आहे ना" म्हटलं, आणि तू? मला वाटतं, तू काहीच म्हणाली नाहीस.

त्याच्याही बाजूचं एक बोलते. "टाक्या वगैरे त्याने केल्या" असं तू एका वाक्यात उरकलंस. ते वगैरे म्हणजे संडासाची काळी टाकी. हातमोजे घालून, जाड नळी जोडून आधी ती रिकामी करायची, मग सिंकच्या पाण्याची करडी टाकी सोडायची म्हणजे नळी धुऊन निघते. हे काम न कुरकुरता करणारा माणूस अगदीच वाया गेलेला नसतो. फक्त त्याला वाटतं की आपण अवघड ते सगळं केलं आणि तू "नुसता" स्वयंपाक.

लेव्हनवर्थबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने भांडणार. भाचीकडे आले होते तेव्हा डिसेंबरात मी ते पाहिलंय. बर्फ, दिवे, अकॉर्डियन, आणि अमेरिकन चेन दुकानांच्या पाट्यासुद्धा त्या जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत. मलाही पहिल्यांदा हसू आलं. मग कळलं की हे रेल्वे आणि लाकडाच्या गिरणीवर जगणारं गाव होतं. १९२०च्या दशकात रेल्वेने आपलं ठाणं जवळच्या वेनाची शहराला हलवलं, पुढे गिरणीही बंद झाली. दुकानांना फळ्या ठोकलेल्या, तरुण पोरं बाहेर. १९६२ मध्ये गावकऱ्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मदतीने गाव सावरायची योजना हाती घेतली. कॅलिफोर्नियातल्या सॉल्व्हँगने डॅनिश रूप घेतलं होतं, ते पाहून यांनी डोंगरांना शोभेल असं बव्हेरियन, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या गावांसारखं, रूप ठरवलं, आणि दुकानदारांनी स्वतः पैसे घालून एकेक इमारत बदलली. त्याला सेट म्हण, पण त्या सेटवर लोकांनी घरं गहाण टाकावीत तशी जोखीम घेतली होती. हे नवऱ्याला सांग. चेष्टा थांबेल असं नाही, पण तुला ते का आवडलं याला एक उत्तर असेल.

आता मुद्द्याचं. विकत घ्यायचं आत्ताच ठरवू नका. पुन्हा एकदा भाड्याने घ्या, दोनच रात्रींसाठी, आणि या खेपेला गाडी तू चालव. दचकू नकोस. रोज ५२० नंबरच्या महामार्गाच्या पुलावरून पावसात ऑफिस गाठणारी बाई तू. तेवढ्या आरव्हीला तुझं नेहमीचं लायसन्स चालतं. आधी रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव कर, आणि वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो ते डोळ्यांत भरून घे. मग स्टीव्हन्स पासची खिंड, ४,०६१ फूट उंच, पुढे वेनाची नदीच्या कडेने टमवॉटर कॅन्यन या दरीतली वळणं. मागे रांग लागली तर रुंद जागा बघून बाजूला घे आणि त्यांना जाऊ दे. उतारावर खालच्या गिअरमध्ये ये, सारखा ब्रेक दाबू नकोस. अंधार पडायच्या आत पोचा.

आणि तो करेल जेवण. त्याला येतं ते. खिचडी आली तर खिचडी, नाही तर गावात जाऊन खा. बाल्कनीचं हॉटेलही एका रात्रीचं मागून घे. वाढदिवस दोघांचा होता.

आमच्या ह्यांनी आणि मी १९८१ मध्ये स्कूटरवरून पसरणी घाट चढून पाचगणी गाठली होती, मागे वळकटी बांधून. स्कूटरला रिव्हर्स गिअर नसतो म्हणून आमचा संसार टिकला असं मी अजून म्हणते. तुमच्या गाडीला आहे, तेव्हा ते नीट शिका. मागे उभ्या माणसाला आरशात चालकाचा चेहरा दिसला पाहिजे. चेहरा दिसत नसेल तर चालकालाही तो माणूस दिसत नाही. त्या रात्री तू दिसत नव्हतीस, एवढंच झालं. टॉर्च आरशावर मारू नये, डोळे दिपतात. खुणा चारच: ये, थांब, डावीकडे, उजवीकडे. किंवा फोन स्पीकरवर ठेवा. ओरडाओरड नाही. "थांब" म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं.

एक गोष्ट राहिली, आणि ती आरव्हीच्या आधी करायची आहे. ती ट्रेन. सिएटलकडे जाणारी गाडी पहाटे त्या स्टेशनात येते, म्हणजे तू अंधारात उठून बॅग घेऊन निघायचा विचार केला होतास. त्याच्या मते ती सहल मस्त झाली, आणि म्हणूनच तो आरव्ही घ्यायला निघालाय. त्याला काही माहीतच नाही. या शनिवारी चहा झाल्यावर, फोन बाजूला ठेवून, त्याला ती ट्रेन सांग. रागाने नाही, आणि रडतही नाही. किती वाजताची होती तेही सांग.