रावेरचं पोर आणि शिडाची बोट

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. रावेर तालुक्यात आमची चार एकर केळी आहे. शिडाच्या बोटीतून बेटाबेटांवर फिरणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघतो आणि ‘मला हेच करायचंय’ म्हणतो. अजून समुद्रसुद्धा पाहिलेला नाही त्याने. तसा हाताचा हुशार आहे, विहिरीवरची जळालेली मोटार त्यानेच खोलून भरली. पण वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. यात पोट भरतं का? – एक आई

ताई,

पोट भरतं, पण व्हिडिओत दिसतं त्या मार्गाने नाही. ती माणसं बहुतेक स्वतःच्या पैशाने फिरतात. बोट त्यांची, डिझेल त्यांचं, दुरुस्तीही त्यांच्याच खिशातून. पगार मिळतो तो वेगळ्या लोकांना: पर्यटकांना भाड्याने दिलेल्या बोटीचा कप्तान, डेकवरचा खलाशी, स्वयंपाकी, किंवा मालकाची बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवणारे. हा फरक त्याच्यासमोर आधी मांडा.

कामही हंगामी असतं. कॅरिबियन बेटांकडे जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस, दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा बोटी दुसरीकडे नेतात नाहीतर किनाऱ्यावर चढवून ठेवतात. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होताना पाहिलेल्या घराला हे वेगळं समजवायला नको.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी दोनदा वाचलं त्याबद्दल, म्हणजे मोटारीबद्दल. साधारण चाळीस फुटी शिडाची बोट ताशी पाच-सहा नॉटिकल मैल (एक म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर) जाते, सायकलीपेक्षाही हळू. दक्षिण अमेरिकेजवळच्या गालापागोस बेटांहून पॅसिफिकमधली मार्केसस बेटं सुमारे ३,००० नॉटिकल मैल, म्हणजे तीन आठवडे किंवा जास्तच. वाटेत दुकान नाही, मेकॅनिक नाही. रात्री पाळ्या लावून जागायचं, आणि खारी हवा पंप, वायर, बॅटरीची टोकं सगळं खात असते. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बंद पडलं तर ते बोटीवरच्याच कोणीतरी खोलायचं. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे (२००९-१०) यांनी गोव्यात आपली बोट बांधली जात असताना त्या कामात स्वतः भाग घेतला होता. शिडं ओढायला पुष्कळ जण शिकतात, डिझेल इंजिन दुरुस्त करणारा हात सहज मिळत नाही. तुमच्या मुलाकडे त्याची सुरुवात आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्ससह नीट पूर्ण करू द्या. यात तडजोड नको. मर्चंट नेव्हीचं दार उघडं राहतं: आयएमयू सीईटी (भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा), या तीन विषयांत सरासरी ६० टक्के, इंग्रजीत ५०. डेकच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या, कामाला रंगांधळेपणा चालत नाही, तेव्हा डोळे आताच तपासून घ्या. ते काम लोखंडी जहाजाचं आहे, शिडाचं नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. शिडाच्या वाटेवर ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची प्रमाणपत्रं चालतात: कॉम्पिटंट क्रू, डे स्किपर, पुढे यॉटमास्टर. यॉटमास्टर ऑफशोअरच्या परीक्षेला बसायलाच समुद्रावरचे ५० दिवस आणि २,५०० नॉटिकल मैल लागतात. ते फी भरून मिळत नाहीत. आणि सेशेल्स, मालदीवसारखी बेटं आपल्या पासपोर्टवर फिरायला सहज आत घेतात, पण कामाचा परवाना वेगळा लागतो.

एजंटपासून सांभाळा. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या घरच्यांनी ‘परदेशी बोटीवर नोकरी’ म्हणून अर्धा एकर विकून पैसे भरले. हातात आलं ते खोटं पत्र. जहाजावर भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा (केंद्र सरकारचं जहाज खातं) परवाना आहे का, हे त्यांच्या वेबसाइटवर बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

समुद्र लांब आहे म्हणून हिरमुसू नका. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत शिडाच्या बोटीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावात, आणि भोपाळ भुसावळहून रेल्वेने एका दिवसाच्या टप्प्यात आहे. परीक्षा झाली की आधी नीट पोहायला शिकवा. मग गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत बोट हाताळण्याचा किंवा जीवरक्षणाचा एखादा छोटा कोर्स. लाटेवर पोट ढवळून निघाल्यावरही त्याला परत जावंसं वाटलं, तर पुढचं बोलू.

वडिलांसाठी एक. बेटांवरून निघताना हे लोक केळीचा अख्खा घड घेतात आणि बोटीच्या मागे टांगतात. मग तो एकदमच पिकतो, आणि दोन माणसं आठवडाभर केळीच खात बसतात. मुलाने ते व्हिडिओत नक्की पाहिलं असेल. तीन आठवडे पुरतील अशी केळी कशी निवडायची, कोणती फणी आधी काढायची, हे त्याने वडिलांना विचारावं. आज रात्रीच विचारू द्या.