ओरल पॅथॉलॉजी डोक्यात राहत नसेल तर वाचायची सुरुवात दुसरीकडून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंटर्नशिप चालू आहे, नीट एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला) सहा महिने उरलेत, ओरल पॅथॉलॉजी (तोंडाच्या आजारांचा विषय) तीनदा वाचून झालं तरी सिस्ट (द्रव भरलेल्या पिशव्या) आणि ट्यूमर (गाठी) एकमेकांत मिसळतात. आता चौथ्यांदा वाचू की सरळ एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) सोडवायला बसू?

चौथ्यांदा पहिल्या पानापासून वाचू नका. मी ही परीक्षा दोनदा दिली. पहिल्या वेळी मीही प्रत्येक लीजनचं (विकृतीचं) वय, जागा, एक्स-रे, हिस्टोलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालचं रूप) असं ओळीने पाठ केलं. पंधरा दिवसांत सगळं एकमेकांत कालवलं गेलं. दुसऱ्या वेळी आधी ओरल हिस्टोलॉजीतलं दातांच्या वाढीचं प्रकरण काढलं आणि दोन दिवस तेवढंच वाचलं. तिथून विषय सुटायला लागला.

कारण जबड्यातल्या बहुतेक सिस्ट म्हणजे दात घडवून झाल्यावर मागे उरलेल्या पेशींचं काम. दात जिच्यातून घडतात ती पेशींची पट्टी, डेंटल लॅमिना, विरघळते, पण तिचे सेरेचे अवशेष राहतात. त्यातून ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट. क्राउन (दाताचा वरचा भाग) तयार झाल्यावर त्याच्याभोवती रिड्यूस्ड इनॅमल एपिथेलियम (इनॅमल बनवून उरलेला पेशींचा थर) राहतं. ते आणि इनॅमल यांच्यामध्ये द्रव साठला की डेंटिजेरस सिस्ट. मग ती सिमेंटो-इनॅमल जंक्शनलाच (क्राउन आणि मूळ जिथे मिळतात तिथेच) का चिकटलेली असते हे पाठ करावं लागत नाही, कारण ते आवरण तिथेच संपतं. मुळाभोवती मॅलॅसेझचे अवशेष असतात. दात नॉन-व्हायटल झाला (आतला जिवंत गर मेला), टोकाशी इन्फ्लमेशन आलं, त्या पेशी चाळवल्या, की रॅडिक्युलर सिस्ट. म्हणून रॅडिक्युलरच्या प्रश्नात दाताची व्हायटॅलिटी आधी शोधायची.

केराटोसिस्टवर मात्र एक अख्खी संध्याकाळ घाला. सहा ते आठ पेशींचं एकसारखं पातळ अस्तर, वर सुरकुतलेलं पॅराकेराटिन, खाली गडद, पॅलिसेडसारख्या उभ्या बेसल पेशी, रेटे पेग्ज (एपिथेलियमचे खाली घुसलेले खुंट) नाहीत. हाडाच्या आतून पुढे-मागे सरकते, त्यामुळे सूज उशिरा दिसते. मुळाशी पीटीसीएच जीनमधला बिघाड, आणि अनेक केराटोसिस्ट एकदम दिसल्या तर गॉर्लिन-गोल्ट्झ सिंड्रोम हा आनुवंशिक आजार आठवा. याच सिस्टवर एका मॉक टेस्टमध्ये माझे गुण गेले, तेही जुन्या नोट्समुळे. २००५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला ट्यूमर ठरवून केराटोसिस्टिक ओडोन्टोजेनिक ट्यूमर असं नाव दिलं होतं; २०१७ मध्ये ती परत सिस्टमध्ये आली. सीनियरकडून आलेल्या झेरॉक्स हातात घेतल्या की त्या कुठल्या वर्गीकरणावर आहेत ते पहिल्यांदा बघा.

ट्यूमरलाही हीच युक्ती लागू पडते. अमेलोब्लास्टोमा या जबड्यातल्या गाठीत बेसल पेशींचं न्यूक्लियस बेसमेंट मेम्ब्रेनपासून दूर सरकतं, त्याला आपण रिव्हर्स पोलॅरिटी म्हणतो. इनॅमल बनवायच्या आधी साधा अमेलोब्लास्टही (इनॅमल बनवणारी पेशी) हेच करतो. गाठ आपल्या मूळ पेशीची नक्कल करते आहे एवढं दिसलं की ते वाक्य कायमचं बसतं. बाकीच्यांना फार वेळ देऊ नका: एओटीला (अडेनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमरला) दोन-तृतीयांशचा नियम (सुमारे दोन-तृतीयांश वेळा वरचा जबडा, मुली, अडकलेला दात, तो बहुधा कॅनाइन म्हणजे सुळा), पिंडबोर्ग ट्यूमरला अमायलॉइड आणि लिसेगँग रिंग्ज, कॅल्सिफाइंग सिस्टला घोस्ट सेल्स.

त्वचा-म्युकोसाच्या आजारांत एकच प्रश्न विचारा: फट कुठे पडली? पेम्फिगस व्हल्गॅरिस या फोड येणाऱ्या आजारात अँटिबॉडी डेस्मोग्लीन ३ या प्रथिनावर जाते, पेशीपेशींना जोडणारे डेस्मोसोम तुटतात. पण बेसल पेशींना खाली धरणारे हेमिडेस्मोसोम शाबूत असतात, म्हणून तळाची एक रांग थडग्यांसारखी उभी राहते. पेम्फिगॉइडमध्ये बेसमेंट मेम्ब्रेनपाशीच बंध सुटतो, अख्खं एपिथेलियम वर उचललं जातं. इम्युनोफ्लुरोसन्स (अँटिबॉडी चमकवून दाखवणारी तपासणी) हेही त्यातूनच आलं: पहिल्यात पेशींभोवती जाळी, दुसऱ्यात एक सरळ रेघ.

सबम्युकस फायब्रोसिस (सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर आखडत जाण्याचा आजार) आपल्याकडच्या मुलांनी तरी कोरडं वाचू नये. हे नाव १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी दिलं, त्याच्या आदल्या वर्षी श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्याचं वर्णन केलं होतं. सुपारीतलं अरेकोलीन फायब्रोब्लास्टला कोलॅजेन बनवायला लावतं, सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज वाढवतं, आणि कोलॅजेन असं घट्ट विणलं जातं की ते मोडत नाही. ओपीडीत खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारा, तोंडात दोन बोटंही न जाणारा पेशंट आला की त्याच्या गालावरून बोट फिरवा, पट्टे हाताला लागतील. भारतातल्या एका १७ वर्षांच्या पाठपुराव्यात यातल्या ७.६ टक्के रुग्णांना कॅन्सर झाला. हा आकडा विचारतात, पण त्या पेशंटला सुपारी सोडायला सांगतानाही तो तोंडपाठ असू द्या.

आता नोट्स की एमसीक्यू. दोन्हींच्या आधी तिसऱ्या वर्षाच्या जर्नलमधल्या त्या गुलाबी-जांभळ्या पेन्सिली शोधून काढा. रोज रात्री पुस्तक मिटून एका लीजनचं चित्र काढायचं आणि मग पुस्तकाशी ताडून बघायचं. जे चित्रात सुटलं तेच आपल्याला येत नसतं. मला वाटायचं लायकेन प्लॅनस (त्वचा-म्युकोसाचा आणखी एक आजार) येतं. काढायला बसले तेव्हा करवतीच्या दातांसारखे रेटे पेग्ज काढले आणि खालचा लिम्फोसाइट्सचा पट्टा विसरले. चित्र झालं की त्याच लीजनचे एमसीक्यू सोडवा, आणि चुकलेल्या प्रश्नाचं कारण त्या चित्राच्याच समासात लिहा. वेगळी वही करू नका. परीक्षेत २४० प्रश्न, तीन तास, बरोबरला ४ गुण आणि चुकलं की १ वजा. शेवटच्या आठवड्यात जाड वह्या उघडायला कुणालाच सवड होत नाही, पण ही साठ-सत्तर चित्रं एका दुपारी चाळून होतात. आज रात्री केराटोसिस्ट काढा, उद्या तिच्या शेजारी डेंटिजेरस.