स्नॅग, बिघाड की कैफियत?

परभणीच्या एका वाचकाचा प्रश्न: ‘चिकलठाण्याचं विमान रखडलं की पेपरात “तांत्रिक बिघाड” छापतात. विमानतळावर कामाला असलेला माझा भाचा मात्र “स्नॅग” म्हणतो. पायलट वहीत नेमकं काय लिहितो, आणि त्याला मराठीत काय म्हणावं?’

भाचा बरोबर आहे. आपल्याकडे वैमानिक आणि इंजिनिअर दोघंही स्नॅगच म्हणतात. अमेरिकेत तोच ‘स्क्वॉक’.

‘बिघाड’ मला इथे खटकतो. विमानासोबत फिरणाऱ्या वहीत, म्हणजे टेक लॉगमध्ये, कॅप्टनने जे दिसलं-जाणवलं तेवढंच लिहायचं असतं: ‘उतरल्यावर ब्रेक लावला की विमान डावीकडे ओढतं.’ कधी, किती वेगाला, कुठला दिवा लागला, हेही. पण दोष ब्रेकचा की टायरचा, हा निवाडा त्याचा नाही. शेतकरी मिस्त्रीला ‘मोटार पाणी उचलंना’ एवढंच सांगतो. वाइंडिंग जळालं की फूटव्हॉल्व्ह गळतोय, ते मिस्त्री बघतो. तसंच हे. बिघाड सापडतो तो इंजिनिअरला (कधी सापडतही नाही, तेही लिहावंच लागतं). काय केलं ते त्याच नोंदीसमोर लिहून तो सही करतो, तेव्हा विमान उडायला मोकळं.

म्हणून पायलटच्या नोंदीला मी ‘कैफियत’ म्हणेन. निजामाच्या राजवटीत ज्यांचं दफ्तर उर्दूत चाललं, त्या आपल्या लोकांना हा शब्द परका नाही, आणि कोर्टात लेखी कैफियत आजही देतात. मूळ अरबी ‘कैफ’, म्हणजे ‘कसं’. का झालं ते नाही, कसं झालं ते. ‘तक्रार’ नको, तिच्यात कुणावर तरी बोट असतं.

काही दोष दुरुस्त न करताही विमान सोडता येतं, पण मनाने नाही. काय बंद असलं तरी उडता येतं, त्याच्या एमईएल नावाच्या मंजूर यादीत ती वस्तू असावी लागते, आणि वर्गाप्रमाणे दुरुस्तीची मुदत ठरलेली असते: ‘बी’ वर्गाला 3 दिवस, ‘सी’ला 10, ‘डी’ला 120, दोष नोंदवला तो दिवस धरत नाहीत. याला ‘लांबणीवर टाकलेला दोष’ म्हटलं तर हलगर्जीपणा वाटतो. ‘मुदतीवर ठेवलेला’ म्हणा.

बातमीपुरतं सांगायचं तर इंजिनिअरची तपासणी चालू असेपर्यंत ‘तांत्रिक अडचण’ लिहावं. बिघाड सापडल्यावर खुशाल बिघाड. आणि भाच्याला स्नॅग म्हणू द्या, त्याच्या धंद्याचा शब्द आहे तो.