चिमणी, चिऊ आणि चटक

पक्ष्यांच्या मराठी नावांवरच्या या सदरात सर्वांत जास्त पत्रे आली ती चिमणीबद्दल. रोज अंगणात दिसणाऱ्या पाखराच्या नावाबद्दल लोकांना इतके कुतूहल आहे, याचा मला फार आनंद झाला. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

'चिमणी' हे नाव ती चिवचिव करते म्हणून पडले की लहान असते म्हणून? आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत. (नाशिक)

लहान असते म्हणून, असे माझे ठाम मत आहे. 'चिमणा' हे मराठीत स्वतंत्र विशेषण आहे. चिमणे हात, चिमणी पावले, चिमणे बाळ असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे पाखरू नसते, इवलेपणा असतो. चिमुकला, चिमुरडी ही त्याच कुळातली रूपे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली १८५७) 'लहानगा' या अर्थाचे 'चिमणा' आहे आणि पक्ष्याची 'चिमणा', 'चिमणी' ही नावेही आहेत. म्हणजे दोन्ही अर्थ निदान पावणेदोनशे वर्षे शेजारी शेजारी नांदत आहेत.

नाव आवाजावरून पडले असते तर त्यात तो आवाज कुठे तरी उरला असता. चिवचिव, चिवचिवाट, चिऊ या सगळ्यांत तो ऐकू येतो. 'चिमणी'तल्या 'म' आणि 'ण'चा तिच्या आवाजाशी काही मेळ बसत नाही.

पण घरातल्या दुसऱ्या तटाने नाराज होऊ नये. 'चिऊ' हे नाव निखळ आवाजाचे आहे. काऊ, माऊ, भूभू, हम्मा या बाळबोलीतल्या मंडळींची नावे त्यांच्या आवाजावरूनच ठेवलेली असतात. मूल आधी ऐकते आणि तेच उच्चारते, आकाराची तुलना त्याला पुढे कधीतरी सुचते. म्हणून एकाच पाखराला मुलांनी कानाने नाव दिले आणि मोठ्यांनी डोळ्यांनी. चिऊताई आणि कावळोबांच्या शेणामेणाच्या घरांच्या गोष्टीत 'चिमणी' न येता 'चिऊ' येते, ती याचमुळे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. पक्षीनिरीक्षणाच्या पुस्तकांत अनोळखी पक्ष्याचा आकार सांगताना 'चिमणीएवढा', 'बुलबुलएवढा', 'मैनेएवढा', 'कावळ्याएवढा' अशी मापे वापरतात. जिचे नावच लहानपणावरून पडले, ती आता लहानपण मोजायच्या कामी येते. ही चिमणी भरते साधारण १६ सेंटिमीटर आणि तिचे वजन ३० ग्रॅमच्या आसपास.

मी वडोदऱ्यात वाढलो. आम्ही घरात चिमणी म्हणायचो आणि शेजारी 'चकली'. आमच्या आजीला ते ऐकून दिवाळी आठवायची. इतर भाषांत चिमणीला काय म्हणतात? आणि आमच्या महाराणी चिमणाबाईंच्या नावात चिमणी आहे का? (वडोदरा)

गुजरातीत चिमणी म्हणजे चकली, चिमणा म्हणजे चकलो. आणि आपण जी चकली खातो तिला गुजरातीत चकरी म्हणतात. खायच्या चकलीचे नाते चक्राशी, तिच्या वेटोळ्याशी आहे, पाखराशी नाही.

इतर भाषांतली नावे पाहिली की या पक्ष्याकडे कोण कुठल्या बाजूने पाहत आले ते कळते. मल्याळममध्ये तो अंगाडिक्कुरुवी आहे. 'अंगाडी' म्हणजे बाजार आणि 'कुरुवी' म्हणजे लहान पाखरू. धान्याच्या पेठेत पोत्यांवर उतरणारे चिमण्यांचे थवे ज्याने पाहिले असतील, त्याला या नावाची थोरवी वेगळी सांगायला नको. उडियात घरचटिया, म्हणजे सरळ संस्कृतातली 'गृहचटक'. बंगालीत चडुई, कानडीत गुब्बच्ची, तेलुगूत पिच्चुक, तमिळमध्ये चिट्टुक्कुरुवी, पंजाबीत चिडी, हिंदीत गौरैया.

शास्त्रीय नाव पॅसर डोमेस्टिकस. १७५८ मध्ये लिनियसने या पक्ष्याला फ्रिंजिला डोमेस्टिका म्हटले होते. पुढे तो पॅसर या प्रजातीत गेला, पण 'डोमेस्टिकस', म्हणजे 'घरचा', हे विशेषण कायम राहिले. त्या नावात आणि घरचटियात काय फरक आहे? एक लॅटिन, दुसरे उडिया, आणि दोन्हींनी एकच गोष्ट टिपली.

'पॅसर' या शब्दाचा पुढचा प्रवास तर मला फार आवडतो. लॅटिनमध्ये तो चिमणीसारख्या पाखराचा शब्द होता. त्यातून स्पॅनिशमध्ये 'पाहारो' झाला आणि त्याचा अर्थ कुठलाही लहान पक्षी असा पसरला. शास्त्रज्ञांनीही पॅसरवरूनच 'पॅसरिफॉर्मिस' हा पक्ष्यांचा गण कल्पिला. जगातल्या पक्ष्यांच्या निम्म्याहून अधिक जाती या एका गणात आहेत. बुलबुल, मैना, दयाळ, सुगरण सगळे त्यात. आणि कावळाही! चिऊ-काऊंची घरे गोष्टीत वेगवेगळी असली तरी शास्त्राच्या हिशेबात काऊ चिऊच्याच गणातला आहे. आपल्याकडेही असेच घडले आहे. हिंदीत 'चिड़िया' म्हणजे चिमणी आणि 'चिड़िया' म्हणजे कोणताही पक्षी.

चिमणाबाईंबद्दल. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या दोन्ही राण्यांना हे नाव मिळाले. पहिल्या तंजावरच्या लक्ष्मीबाई. त्या १८८५ मध्ये वारल्या आणि रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर त्यांच्याच स्मरणार्थ उभा आहे. दुसऱ्या देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा. दोघींच्याही नावात मला पाखरापेक्षा ते विशेषणच दिसते. लाडकी, लहानगी, म्हणून चिमणा.

चिमाजी अप्पांच्या नावाचेही तेच का? (वसई)

हो, मला तसेच वाटते. चिमाजी आणि चिमणाजी ही एकाच नावाची दोन रूपे. १७३९ मध्ये वसई जिंकणारे चिमाजी अप्पा हे बाजीरावांचे धाकटे भाऊ. १७९६ मध्ये थोडा काळ पेशवाईची वस्त्रे मिळालेले चिमाजी अप्पा हेही दुसऱ्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. घरातल्या धाकट्याला छोटू, बाळू, नानू म्हणायची आपली रीत आजही मोडलेली नाही.

नराला 'नर चिमणी' म्हणावे का? मुलांच्या पुस्तकात तसे छापलेले पाहिले. (सांगली)

म्हणू नये. नराला चिमणा हा सुंदर शब्द असताना 'नर चिमणी' कशासाठी? डोक्यावर राखी टोपी आणि गळ्याखाली काळा डाग दिसला की तो चिमणा. सगळी मातकट तपकिरी आणि डोळ्यामागे फिकट पट्टा असलेली ती चिमणी. दोघांचा मिळून उल्लेख करायचा तेव्हा मराठी 'चिमण्या' म्हणते. घार, साळुंकी यांच्यासारखे इथेही स्त्रीलिंगी नाव सगळ्या जातीचे नाव झाले आहे.

मी संस्कृत शिकवते. 'चटक' म्हटले की मुले चातक समजतात. शिवाय 'कलविंक' म्हणजे चिमणीच का, आणि या शब्दांचा 'चिमणी'शी संबंध आहे का? (रत्नागिरी)

चटक आणि चातक यांत फक्त एका कान्याचा आणि 'ट'-'त'चा फरक दिसतो, पण पक्षी पूर्णपणे वेगळे. चातक हा कोकिळेच्या कुळातला, काळा-पांढरा, शेंडीवाला, पावसाच्या तोंडावर येणारा. चटक म्हणजे आपला घरचा चिमणा. पंचतंत्रात उन्मत्त हत्तीने ज्यांची अंडी फोडली आणि सुतारपक्षी, माशी व बेडूक यांच्या मदतीने ज्यांनी त्या हत्तीला संपवले, ते चटक दांपत्य. मुलांना ही गोष्ट सांगा, चातकाशी गोंधळ पुन्हा होणार नाही.

अमरकोशात आहे : 'चटकः कलविङ्कः स्यात् तस्य स्त्री चटका'. पुढे तर चिमणीच्या पिल्लांचाही विचार केला आहे. पिल्लू नर असेल तर 'चाटकैर', मादी असेल तर 'चटका'च. हा 'चाटकैर' शब्द घडवण्यासाठी पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे, 'चटकाया ऐरक्' (४.१.१२८). एका अक्षराची बचत झाली तरी आनंद मानणारी ती परंपरा, आणि तिथे चिमणीच्या पोरासाठी अख्खे सूत्र! ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला भरून आले होते.

कलविंकाची कथा याहून जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत त्वष्ट्याच्या विश्वरूप नावाच्या मुलाला तीन तोंडे आहेत. एकाने तो सोम पितो, दुसऱ्याने सुरा, तिसऱ्याने अन्न खातो. इंद्र तिन्ही मस्तके छाटतो. सोम पिणाऱ्या मस्तकाचा कपिंजल पक्षी झाला, सुरा पिणाऱ्याचा कलविंक, अन्न खाणाऱ्याचा तित्तिर. शतपथ ब्राह्मणात हीच कथा सांगताना पुढे म्हटले आहे की म्हणून कलविंक मद्य चढल्यासारखा बोलतो. संध्याकाळी एखाद्या बोरीवर किंवा बाभळीवर शे-दीडशे चिमण्या झोपेआधी एकदमच बोलू लागतात, तो कल्लोळ ज्या ऋषीने ऐकला त्याला ही कथा सुचली असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. बौद्ध ग्रंथांत मात्र याच नावाचा पक्षी अतिशय गोड गळ्याचा आहे. ते नाव बौद्ध धर्माबरोबर चीन आणि जपानपर्यंत गेले. तिथल्या चित्रांत त्याला माणसाचे मुख आणि पक्ष्याचे शरीर असते.

'चटक'चा 'चिमणी'शी ध्वनीच्या दृष्टीने संबंध लागत नाही. चटकमधला 'ट' प्राकृतात मऊ होऊन 'ड' झाला आणि बंगालीतली चडुई त्या वाटेने आली. त्या वाटेवर 'म' कुठेच येत नाही. प्रमाण मराठीने आपले नाव वेगळ्याच ठिकाणाहून, 'चिमणा' या घरच्या विशेषणातून घेतले.

रॉकेलच्या दिव्याला आणि गिरणीच्या धुराड्याला चिमणी म्हणतात. पाखराचा आणि त्यांचा काय संबंध? (लातूर)

गिरणीची चिमणी इंग्रजीतून आली. इंग्रजीने तो शब्द फ्रेंचमधून घेतला, त्यामागे लॅटिन आणि सर्वांत मागे ग्रीकमधला भट्टी या अर्थाचा 'कामिनोस'. स्वयंपाकघरात ओट्यावर बसवतात ती चिमणीही याच वंशातली. कंदिलाच्या काचेलाही इंग्रजीत तोच शब्द, कारण तीही धूर वर काढून देते.

दिव्याचे प्रकरण थोडे वेगळे आहे. खेड्यापाड्यांत पत्र्याच्या डबीला वात लावून केलेल्या दिव्याला चिमणी म्हणत. त्याला बहुतेक वेळा काच नसेच. मग नाव का टिकले? माझ्या मते इंग्रजी शब्द आला तेव्हा मराठीत 'चिमणी' म्हणजे इवलीशी हा अर्थ तयारच होता. मोठा तो कंदील, छोटी ती चिमणी, हे लोकांना आपसूक पटले. परका शब्द इतक्या सहज घरचा होऊन जाणे क्वचितच घडते.

'चिमणीच्या दातांनी' तोडून दे, असे आम्ही लहानपणी म्हणायचो. चिमणीला दात कुठे असतात? (सातारा)

नसतात. कुठल्याच हयात पक्ष्याला नसतात. पेरूची फोड किंवा चिक्कीचा तुकडा फ्रॉकच्या नाहीतर सदऱ्याच्या टोकात धरायचा, कापडावरून चावायचे आणि अर्धा भाग मैत्रिणीला द्यायचा. मध्ये कापड आले म्हणून तो उष्टा नाही, हा मुलांचा कायदा. मनुस्मृतीतही (५.१३०) पक्ष्याने चोच मारून पाडलेले फळ शुद्ध मानले आहे. पाखराची चोच लागली तर उष्टे होत नाही, ही समजूत इतकी जुनी आहे. 'चिमणीचे दात' त्यातूनच आले असावेत असे मला वाटते. हा शब्दप्रयोग जपायला हवा. मुलांना तो शिकवा, खाऊ वाटायलाही शिकवा.

आमच्या शेताच्या बांधावर गळ्याला पिवळा ठिपका असलेली चिमणी दिसते. तिला वेगळे नाव आहे का? (यवतमाळ)

ती रानचिमणी, पीतकंठी चिमणीही म्हणतात. घरचिमणीपेक्षा सडपातळ, खांद्यावर तांबूस पट्टा. ती झाडाच्या ढोलीत घरटे करते आणि धान्याबरोबर फुलांतला मधही पिते. मादीच्या गळ्यावरचा पिवळा रंग फार फिका असतो, तेव्हा दुर्बीण जवळ ठेवा.

या पक्ष्याचे मुंबईशी मोठे नाते आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला खेतवाडीत राहणाऱ्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा ही खायला चालेल का अशी त्याला शंका आली. त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला ओळखीचे पत्र देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, मुलाला संस्थेचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्राचे नावही त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवले.

तुमच्या बांधावर पळस किंवा पांगारा असेल तर फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी तिथे पाहा. आणि जुनी, ढोली असलेली झाडे तोडू नका. रानचिमणीला घरासाठी तीच लागतात.