आधी पंखा बंद कर

युद्धावर डॉक्युमेंटरी करायची म्हणून सीमेवर जायचं डोक्यातून काढ. मराठवाड्यात घरोघरी १९४८ बसलेलं आहे. १३ सप्टेंबरला निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजेची कारवाई, म्हणजे पोलीस ॲक्शन, सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला. तेव्हा १० वर्षांचं असलेलं पोर आज ८५ च्या पुढं आहे. ड्रोन, निधी सगळं नंतर. आधी माणसं गाठ.

समोर बसलास की पंखा बंद कर. धाराशिवकडच्या एका आजीची दोन तासांची मुलाखत मी घरघरीत घालवली. परत गेलो तर भिंतीवरच्या फोटोला हार.

‘काय वाटलं’ विचारू नकोस. ‘रझाकार आले त्या रात्री चुलीवर काय होतं?’ असं विचार. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक. आजी म्हणाली, कण्या. मग कडब्याच्या गंजीत लपलेला भाऊ आपोआप आला.

मुसलमान मोहल्ल्यातही जा. पोलीस ॲक्शननंतर तिथं ज्या कत्तली झाल्या त्या भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवल्यात. उस्मानाबाद, नांदेडची नावं आहेत त्यात. लोक म्हणतील, कशाला उकरता? चहा घे आणि उकर.

पोटापाण्याला लग्नाचं शूटिंग कर, लाजायचं काय त्यात. माझा पहिला बरा माईक एका लग्नसराईतच निघाला. फुटेज दोन हार्ड डिस्कवर, दोन घरांत ठेव. माझी दुसरी बहिणीकडं असते, पिठाच्या डब्याशेजारी. तेवढं मात्र करू नकोस.