आजेसासूबाईंच्या पेटीतले विलायती भरतकाम

प्रश्न : दांडिया बाजारातील आमचे जुने घर रिकामे करताना आजेसासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत तीन वस्तू निघाल्या: मॅटीसारख्या जाळीदार कापडावर लोकरीने भरलेला पोपट, कटवर्क केलेला पांढऱ्या लिननचा मोठा टेबलक्लॉथ आणि खुर्चीच्या पाठीवर टाकायचे रेशमी आच्छादन. छावणीतील एक इंग्रज कुटुंब मायदेशी परतताना झालेल्या लिलावात आजेसासऱ्यांनी ते घेतले, असे घरात सांगतात. टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन इंग्रजी अक्षरे आणि ६ हा आकडा आहे. मधोमध पिवळे डागही आहेत. हे सारे धुवावे का? आणि आम्हा तिघी जावांना आठवण म्हणून टेबलक्लॉथचे तीन तुकडे करून फ्रेम करता येतील का?
— एक वाचिका, बडोदे

उत्तर : तुकडे मुळीच करू नयेत. कोपऱ्यातील लाल खूण ही नक्षी नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्रज घरांतील चादरी, टॉवेल व टेबलक्लॉथ यांवर मालकाची आद्याक्षरे आणि संचातील क्रमांक फुली टाक्याने भरून ठेवण्याचा रिवाज होता, जेणेकरून धुलाईला गेलेले कापड मोजून परत घेता यावे. त्यासाठी बहुधा टर्की रेड या पक्क्या रंगाचा सुती दोरा वापरीत. ती अक्षरे आपल्या घराण्यातील कोणाची नसतील, तर लिलावाच्या हकिकतीला तेवढाच एक हाती असलेला पुरावा आहे, आणि कात्री चालवल्यावर तो एका जावेकडे जाऊन उरलेल्या दोघींकडे नुसते कापड राहील. जावा तिघी आहेत आणि वस्तूही तीनच आहेत, हे आपल्या लक्षात आले असेलच.

धुण्याबाबत मात्र तिन्ही वस्तूंना एकच नियम लावता येत नाही. टेबलक्लॉथ धुण्यासाठीच बनवलेला आहे. ओल्या पांढऱ्या कापसाने लाल दोरा हलकेच दाबून पाहावा. रंग उतरला नाही, तर कापड जुन्या चादरीवर पसरून साध्या गार पाण्यात भिजत ठेवावे, पाणी बदलत राहावे, आणि चादरीसकट उचलून सावलीत आडवे वाळवावे, कारण ओल्या लिननचे वजन जीर्ण धाग्यांना पेलत नाही. ब्लीच वापरू नये. पेटीच्या गंजाचे डाग असतील तर ब्लीचमुळे तेथील कापड अधिकच कमजोर होते. खळ तर नकोच, तिच्यावर कसर येते.

लोकरीचा पोपट हा ‘बर्लिन वूलवर्क’चा नमुना दिसतो. बर्लिनमध्ये छापलेल्या, चौकटींत रंगवलेल्या तक्त्यांवरून घरोघरच्या स्त्रिया तो टाका टाका मोजून भरीत. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी जांभळा कृत्रिम रंग शोधल्यानंतर या लोकरीत भडक छटांची रेलचेल झाली. यांतले काही रंग पाण्यात सुटतात, म्हणून त्याला पाणी लावू नये. वर जाळीचे कापड धरून व्हॅक्यूम क्लीनरने मंद ओढीवर धूळ काढावी. मागची बाजू जरूर पाहावी. तिथला मूळ रंग पुढच्यापेक्षा गडद असेल, तर किती ऊन लागले आहे ते कळते. आपल्याकडे पावसाळा सरला की कपड्यांना ऊन दाखवतात, तो प्रघात इथे मोडावा आणि सावलीतली हवा द्यावी. संग्रहालयेसुद्धा अशा कापडांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. भिंतीवर, खिडकीसमोर फ्रेम लटकवण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

रेशमी आच्छादन पुरुषांच्या केसांना लावलेल्या मॅकॅसर तेलाने खुर्ची तेलकट होऊ नये म्हणून टाकीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमाचे वजन वाढवण्यासाठी त्यात धातूचे क्षार मुरवीत, आणि असे रेशीम घडीवरच चिरत जाते. ते घडी न घालता, धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटावर आडवे ठेवावे. टेबलक्लॉथ त्याच कापडाने झाकलेल्या नळीवर, भरतकाम बाहेर येईल असा गुंडाळावा. पत्र्याची पेटी बदलावी. डांबरगोळ्यांचा थेट स्पर्श कापडाला होऊ देऊ नये.

रेशीम आधीच चिरले असेल, तर घरी सुई लावण्यापूर्वी जाणकाराला दाखवावे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, तिथे चौकशी करता येईल. लिलावाची हकिकत मात्र घरातील वडीलधाऱ्यांकडून आताच लिहून घ्यावी आणि तिची एकेक प्रत, टाचणी न लावता, प्रत्येक वस्तूसोबत ठेवावी.