महाविद्यालयाच्या पावतीतील कोणती रक्कम प्राप्तिकरात वजा होते?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरीला आहे. मुलीच्या पुण्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी २०२५-२६ मध्ये १,९०,००० रुपये भरले. त्यात शिक्षण शुल्क ९५,०००, विकास शुल्क ९,५००, अनामत ५,००० आणि उरलेले वसतिगृह व खानावळीचे आहेत. शिवाय लॅपटॉप घेतला. काही रक्कम आमच्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतून कर्जाऊ काढली. माझ्या भविष्य निर्वाह निधीत वर्षाला ८४,००० रुपये जमा होतात. यांपैकी कशावर करसवलत मिळेल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पावत्या चाळण्याआधी आपली करप्रणाली जुनी की नवी, हे पाहावे. शैक्षणिक खर्चाच्या या वजावटी फक्त जुन्या प्रणालीत मिळतात. उत्पन्न केवळ पगाराचे आणि १२,७५,००० रुपयांपर्यंत असेल, तर २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत करच लागत नाही. मग पावत्यांचा हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास दोन्ही प्रणालींनी कर काढून पाहावा. पगारदाराला ही निवड दर वर्षी करता येते, मात्र जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत भरले पाहिजे.

जुनी प्रणाली निवडल्यास १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०सी खाली भारतातील शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठाला पूर्णवेळ शिक्षणासाठी भरलेले शिक्षण शुल्क, म्हणजे पावतीवरची ट्यूशन फी, वजा होते आणि तेही कमाल दोन अपत्यांचे. विकास शुल्क आणि देणगी कायद्यानेच वगळलेली आहे. अनामत परत मिळणारी असते, त्यामुळे ती खर्चात धरता येत नाही. वसतिगृह, खानावळ आणि लॅपटॉप हे शिक्षण शुल्क नव्हे, भले लॅपटॉपशिवाय आज अभियांत्रिकीचे पान हलत नसले तरी. म्हणून आपल्या १,९०,००० पैकी ९५,००० एवढेच पात्र ठरतात. महाविद्यालयाने एकच ठोक रक्कम लिहून पावती दिली असेल, तर शुल्काची फोड दाखवणारी पावती आवर्जून मागून घ्यावी. शिष्यवृत्तीतून किंवा शासनाच्या शुल्कमाफीतून भागलेली रक्कम दाखवता येत नाही, कारण ती आपल्या खिशातून गेलेली नसते.

कलम ८०सी ची एकूण मर्यादा १,५०,००० रुपये असून तीत भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते, गृहकर्जाची मुद्दल हे सारे येते. आपले ८४,००० तेथे आधीच गेले असल्याने शुल्कापैकी ६६,००० रुपयांनाच जागा उरते. पत्नी कमावत्या असतील, तर पुढील वर्षी शुल्काचा काही भाग त्यांनी स्वतःच्या खात्यातून भरावा. त्यांची मर्यादा स्वतंत्र असते.

पतसंस्थेच्या कर्जावरील व्याज शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट देणाऱ्या कलम ८०ई मध्ये बसत नाही. त्या कलमाला उच्च शिक्षणासाठीच, बँक, केंद्र सरकारने अधिसूचित केलेली वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था यांच्याकडून घेतलेले कर्ज लागते. पुढील वर्षांसाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढणार असाल, तर कर्जदार म्हणून आपले नाव त्यावर असू द्यावे आणि व्याज आपण आपल्या करपात्र उत्पन्नातून भरावे. मुद्दल नव्हे, फक्त व्याज वजा होते. त्याला रकमेची मर्यादा नाही. ही सवलत व्याज भरण्यास सुरुवात होते त्या वर्षापासून जास्तीत जास्त आठ वर्षे चालते, त्यामुळे मुलगी शिकत असतानाच व्याज भरू लागल्यास ती वर्षेही या आठांतच मोजली जातात.